शिलाईची कंपनी सोडायची की राहायचं? साखळी गावच्या भाचीसोबत मांडलेला हिशेब

आमच्या कंपनीत राजीनाम्यांची एक निळी फाईल होती. उघडली की पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत एकच वाक्य: "घरगुती अडचणीमुळे मला यापुढे कामावर येणे शक्य नाही." अक्षर वेगळं, शाई वेगळी, वाक्य तेच. याचं गुपित साधं आहे. राजीनामा कसा लिहायचा म्हणून कुणी विचारायला आली की मीच तिला आदल्या मुलीचा कागद काढून द्यायचे. म्हणायचे, यात बघून लिही.

शिलाईत माझी अकरा वर्षं गेली. पहिली पाच कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर, मग तीन लाईन सुपरवायझर, शेवटची तीन ऑफिसात हजेरी-पगाराच्या कामावर. म्हणजे आधी टार्गेटसाठी बोलणी खाल्ली, मग टार्गेटसाठी इतरांना बोलले, आणि शेवटी बोलण्याला कंटाळून गेलेल्यांचे हिशेब केले. स्वतः सोडलं तेव्हा मीही तेच वाक्य लिहिलं, फाईल न बघता.

गेल्या महिन्यात साखळीहून (आमच्या गोव्यातलंच गाव) भाची आली. फोंडा तालुक्यातल्या एका शिलाईच्या कंपनीत कॉलर लावते. नोकरीला चार वर्षं सात महिने झाले. म्हणाली, "मावशी, सोडू का गे?" तिच्यापुढे तीन वाटा होत्या: वेर्ण्याला औषधकंपनीत पॅकिंग, कळंगुटकडे एका हॉटेलात लिनन रूमचं, म्हणजे चादरी-पडद्यांचं काम, नाहीतर घरी मशीन घालून बसणं. चौथी वाट म्हणजे आहे तिथेच राहणं. तीही एक वाट आहे, असा विचारच भाची करत नव्हती. आम्ही दोघी वही घेऊन बसलो. त्या वहीतलंच इथे लिहिते आहे. डिचोली, सत्तरी, पेडण्याकडच्या आणि दोडामार्गहून रोज ये-जा करणाऱ्या कुणालाही हाच पेच पडतो.

आधी हे: तू नेमकी कशाला कंटाळली आहेस?

हा प्रश्न तिला आवडला नाही. "सगळ्यालाच," म्हणाली. पण सगळ्याला कंटाळून कुणी सोडत नाही. एखादीच गोष्ट असते, बाकीच्या तिच्या आधाराने मोठ्या होतात. ती कुठली ते कळलं नाही तर नव्या जागी ती आपल्या डब्याबरोबरच येते.

शिलाईच्या लाईनवर अख्खा शर्ट कुणी शिवत नाही. एकीकडे कॉलर, दुसरीकडे कफ, तिसरीकडे खिसा, पुढे बाही, मग साईड. बंडल हातोहात पुढे सरकतं. प्रत्येक कामाची मिनिटं ठरलेली असतात. कॉलर लावायला पाऊण मिनिट धरलं, तर आठ तासांच्या ४८० मिनिटांत ६४० कॉलर होतात. एवढ्या कुणाच्याच होत नाहीत, म्हणून साठ टक्के धरतात: ३८४. याच दिवसात दोरा तुटतो, बॉबिन संपते, सुई मोडते. सुई मोडली की तिचा तुकडा न् तुकडा शोधून रजिस्टरला चिकटवायचा, तेव्हा नवी सुई मिळते. एखादा तुकडा कपड्यात राहून गेला तर सगळा माल परत येऊ शकतो. तेवढ्या वेळात मागच्या बाईकडची बंडलं तुमच्या टेबलावर साचतात, पुढची बाई हात बांधून बसते, आणि सुपरवायझर येऊन उभा राहतो. तो काही बोलला नाही तरी चालतं, उभं राहणंच पुरतं. बोलला तर मात्र ते संध्याकाळी घरापर्यंत येतं.

मी सुपरवायझर असताना एकदा एका मुलीला सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझ्यामुळे लाईन बसली." दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी तिचा भाऊ कागद घेऊन आला: घरगुती अडचण.

नवी मुलगी गेलीच तर बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत जाते. तिला कामाचा वेग आलेला नसतो, पण टार्गेट जुन्यांचंच लागतं. हे तीन महिने ज्या काढतात त्यांचं पुढे वेगळ्याच गोष्टींनी बिनसतं. बाथरूमला जायचं म्हणजे लाईन सोडायची, म्हणून पाणीच कमी प्यायचं, आणि मग लघवीची जळजळ. पाठ नसलेल्या स्टुलावर बसून कंबर. चाळिशी आली की काळ्या कापडावर काळा दोरा दिसेनासा होतो. आमच्याकडे एक जण हे लपवून सहा महिने हाताच्या अंदाजाने शिवत होती.

पगाराचं म्हणाल तर कमी पगारापेक्षा न वाढणारा पगार जास्त बायकांना घालवतो. काल आलेली हेल्पर आणि सात वर्षांची टेलर यांच्यातला फरक चहापाण्याएवढा असतो. किमान वेतनात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे गट असतात. मशीनवर बसून पाच वर्षं झालेली बाई कागदावर पहिल्या दिवसाच्याच गटात राहिलेली मी कितीदा पाहिली आहे. कंपनी बदलायच्या आधी पगाराच्या स्लिपवर आपला गट कुठला लिहिलाय तेवढं बघा. भाचीच्या स्लिपवर "हेल्पर" होतं. चार वर्षं सात महिने रोज चारशेच्या आसपास कॉलर लावणारी हेल्पर!

आणि वेळ. माझ्या मते गोव्यात बायकांना शिलाईतून बाहेर काढणारं सगळ्यात मोठं कारण हेच. दुपारी चारला कुणीतरी येऊन सांगतं, आज लाईन थांबणार, माल जायचाय. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, तो कायदा आहे, आठवड्याला ४८ तासांच्या वरचं काम म्हणजे दुप्पट. पण सहाची बस गेली की साखळीला पोचायला काय करायचं हे कायद्यात नाही. चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं तर बोलायलाच नको. गोव्यात चवथीला पाच दिवस सुट्टी दिली नाही तर कंपनी रिकामी, आणि दिली तर माल अडकतो. दर वर्षी चवथीनंतर चार-पाच जणी परत यायच्या नाहीत. बिहारकडच्या मुलांचं हेच छठपूजेला व्हायचं. ते घरी जायचे आणि काँट्रॅक्टर त्यांना परत आणताना दुसऱ्याच राज्यात उतरवायचा.

एक कारण मला ऑफिसात बसल्यावर कळलं. काही जणी पीएफसाठी, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पैशासाठी सोडतात. मुलाची फी, घराचं छप्पर, बहिणीचं लग्न. हाताशी रक्कम कुठली तर पीएफची, आणि ती काढायचा सोपा मार्ग म्हणजे नोकरी सोडणं. हे आपल्याकडचंच नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये बेंगळुरूच्या शिलाई कामगार बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. मालकाच्या वाट्याचा पीएफ ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नियम येऊ घातला होता, आणि तो सरकारला लगेच मागे घ्यावा लागला. बाहेरच्यांना प्रश्न पडला, निवृत्तीच्या पैशासाठी एवढा राग का? शिलाईतल्या बाईला तो निवृत्तीचा पैसा वाटतच नाही. तिच्या लेखी ती तिची एकमेव बँक आहे. फक्त त्या बँकेतून पैसे काढले की पुन्हा नव्या कंपनीत पहिल्या दिवसाच्या पगारावर उभं राहावं लागतं.

भाचीचं उत्तर शेवटी निघालं. ओरडा तिला लागत नाही, कातडी जाड झाली आहे. पगाराचंही दुय्यम. तिचं पोर आता पहिलीत आहे आणि संध्याकाळी ती घरी पोचते तोवर ते झोपेला आलेलं असतं. म्हणजे तिला वेळ हवा होता. हे कळल्यावर तुलना बरीच सोपी झाली.

वेर्ण्याचं पॅकिंग

गावात "औषधकंपनीत आहे" याला जे वजन आहे ते "शिलाईत आहे" याला नाही. सोयरिकीच्या बोलण्यातसुद्धा. (त्याहून वजनदार एकच गोष्ट, सरकारी नोकरी. भरतीची जाहिरात आली की आमच्या लाईनीवर दोन दिवस कुणाचं लक्ष नसायचं.) आणि वजन उगाच नाही. हॉल थंडगार, स्वच्छ, कँटीन बरी, बस कंपनीची, धूळ नाही, कापसाचे तंतू नाकात जात नाहीत.

पण तिथे तासन् तास उभं राहावं लागतं. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगात गाऊन. हातात बांगड्या चालत नाहीत, गळ्यात मंगळसूत्र चालत नाही, मोबाईल लॉकरमध्ये. भाचीच्या सासूला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. शिवाय शिफ्ट फिरती. सकाळची, दुपारची, कधी रात्रीचीही विचारणा.

आता आकडे. हे आमच्या वहीतले आहेत, तुमचे वेगळे असतील. सध्या तिच्या हातात महिन्याला १४,५०० येतात. घराच्या दारापासून परत घराच्या दारापर्यंत दिवसाचे ११ तास जातात. २६ दिवसांचे २८६ तास, म्हणजे तासाला ५० रुपये ७० पैसे. वेर्ण्याला हातात १७,००० मिळणार होते. साखळीहून वेर्णे म्हणजे बसमधला वेळ वाढला, दिवसाचे साडेबारा तास. ३२५ तासांचे १७,०००, म्हणजे तासाला ५२ रुपये ३० पैसे. अडीच हजारांची वाढ तासावर उतरवली तर दीड रुपया निघाली. दारापासून दारापर्यंत मोजायची सवय लावून घ्या, कंपनीच्या गेटपासून गेटपर्यंत मोजलं तर हा फरक दिसत नाही. भाची वेर्ण्यात राहणारी असती तर मी तिला एका मिनिटात जा म्हटलं असतं.

दुसरी गोष्ट, नेमणूक कुणाची? दहावी-बारावी झालेल्या बाईला पॅकिंगला घेतात ते बहुधा काँट्रॅक्टरमार्फत. कंपनीच्या स्वतःच्या हजेरीवर यायला बीएस्सी, डीफार्म, आयटीआय असं काही लागतं. काँट्रॅक्टर बदलला की नेमणूक नव्याने दाखवतात, आणि मग पाच वर्षं कधी भरतच नाहीत.

पाच वर्षांचं महत्त्व ग्रॅच्युइटीसाठी. कायम कामगाराला सलग पाच वर्षं झाल्यावर सोडताना ती मिळते: दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून, भागिले २६. भाचीचे मूळ आणि भत्ता मिळून १४,००० आहेत. १४,००० गुणिले १५, भागिले २६, झाले ८,०७७. पाच वर्षांचे ४०,००० च्या वर. आणि ही बाई पाच महिने आधी सोडायला निघाली होती! चार वर्षं आणि २४० दिवस झाले की पाच धरतात असं कुणी सांगेल. काही निकालांमध्ये तसं मानलंय खरं, पण त्यावर विसंबून सोडलं तर मग पैशासाठी भांडत बसावं लागतं. पाच महिने थांबणं स्वस्त पडतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यात ठरावीक मुदतीच्या करारावर थेट नेमलेल्यांना एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे, पण कायम कामगाराची पाच वर्षांची अट तशीच आहे. म्हणून नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय जुनी जागा सोडू नका. तोंडी "घेतो" याला काही अर्थ नाही.

हॉटेल

यावर फार लिहिण्यासारखं नाही. मोठ्या हॉटेलात लिनन रूम असते. चादरी, पडदे, कर्मचाऱ्यांचे युनिफॉर्म, उसवलेलं शिवायचं, बटण लावायचं. टार्गेट नाही, जेवण ड्युटीवर, आणि माणसं बरीच सभ्य बोलतात. शिलाई येणाऱ्या बाईला ही जागा खरंच चांगली. पण एका हॉटेलात अशा जागा एक किंवा दोन, आणि त्यावर बसलेली माणसं उठत नाहीत. रिकामी मिळते ती बहुधा हाऊसकीपिंगची किंवा लाँड्रीची. ऑक्टोबर ते मार्च सुट्टी मागायची सोय नाही, आणि पावसाळ्यात काँट्रॅक्टवाल्यांना घरी बसवतात. म्हापशापलीकडे राहणाऱ्यांनी विचार करावा. साखळीहून कळंगुटला दोन बस बदलून जायचं आणि रात्रीची ड्युटी सुटल्यावर परत यायचं, हे भाचीने स्वतःच खोडलं.

घरी मशीन

हीच वाट तिच्या मनात सगळ्यात आधीपासून होती. बऱ्याच जणींच्या असते. पोर डोळ्यासमोर, बस नाही, साहेब नाही.

तिला मी विचारलं, "ब्लाऊजचं कटिंग येतं तुला?"

गप्प बसली.

शिलाईच्या कंपनीचा हा सापळा बाहेरच्यांना कळत नाही. पाच वर्षं मशीनवर बसलेली म्हणजे मोठी टेलरीण, असं गावाला वाटतं. पण तिने आयुष्यात कुणाचं माप घेतलेलं नसतं. कटिंग दुसरीकडे होतं, एका वेळी कितीतरी थर कापणाऱ्या मशीनवर. हिच्याकडे येतात ते कापलेले तुकडे. कॉलर लावण्यात हिचा हात कुणी धरणार नाही, पण खांद्याचा उतार, छातीचा टक, बाहीचा गोल यातलं काही ठाऊक नाही. शिवाय कंपनीची मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके मारते. घरच्या मशीनवर बसली की बैलगाडीत बसल्यासारखं वाटतं.

म्हणून घरी बसायचं असेल तर आधी सहा महिने एखाद्या टेलरकडे रविवारी जाऊन कटिंग शिकायचं. याला दुसरा रस्ता नाही. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकामही आहे. प्रशिक्षण, त्या दिवसांचे रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत मदत आणि पुढे ५ टक्के व्याजाने पहिल्यांदा एक लाखापर्यंत कर्ज अशी ती आहे. पण ती स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे आणि घरातल्या एकालाच मिळते. नोकरीत असताना अर्ज टाकून ठेवू, असं करू नका.

आता हिशेब. घरी १४,५०० सुटले म्हणजे बरोबरी झाली, असं तिला वाटत होतं. तसं नाही. कंपनीत तिच्या पगारातून पीएफचे १,६८० कापले जातात, ते तिचेच. तेवढेच १,६८० मालक घालतो, त्यातला मोठा भाग पेन्शनच्या खात्यात जातो. ईएसआयचे (कामगार राज्य विमा) मालकाच्या वाट्याचे सव्वातीन टक्के म्हणजे आणखी सुमारे ५३०. सगळं मिळून जवळजवळ १८,४००. घरी बसून बरोबरी करायची तर खर्च वजा जाता तेवढे सुटायला हवेत. अस्तर, हूक, दोरा, वीज काढून एका ब्लाऊजमागे ३०० राहिले असं धरलं तर महिन्याला ६१-६२ ब्लाऊज. चवथीच्या आधी दीड महिना तेवढे येतीलही, रात्री जागावं लागेल इतके. लग्नसराईत येतील. पण पितृपक्षात? पौषात? आणि शेजारणीची उधारी कोण मागणार?

ईएसआय गेल्याचं दुःख आजारी पडल्यावर कळतं. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्याला ते लागू होतं. आपल्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि घरच्यांनाही उपचार मिळतात. कामगार आजारी पडली तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. बाळंतपणाला २६ आठवडे, पण त्यासाठी आधीच्या दोन सलग सहामाहींत मिळून ७० दिवसांचं योगदान भरलेलं असावं लागतं. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर राजीनाम्याची तारीख या हिशेबाने ठरवा, सासूच्या नाही. घरी बसल्यावर उपचारांना गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसांना चार लाख. आणि बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहेच. पण आजारपणात बुडालेला पगार हे कार्ड देत नाही.

एक गोष्ट वहीत मांडता आली नाही. घरी शिवणारी बाई ही घरच्यांच्या लेखी रिकामी बाई असते. "घरीच आहेस ना, गॅसवाला येईल, बघ." "घरीच आहेस ना, काकूला दवाखान्यात ने." कंपनीची बस निदान बाईला घरातून उचलून नेते. माझ्या एका मैत्रिणीने घरची मशीन बंद करून परत शिलाईची कंपनी धरली ती याच कारणाने.

आणि राहायचं ठरवलं तर?

तिरुपूरला, बेंगळुरूला एक गेट सोडलं की दुसरं गेट. तिथे सोडणं म्हणजे दुसऱ्या कंपनीत जाणं. गोव्यात शिलाईच्या कंपन्या मोजक्या आणि विखुरलेल्या. इथे सोडणारी बहुधा धंदाच सोडते, आणि पाच वर्षांत हातात आलेला वेग दुसरीकडे कुणी विकत घेत नाही. मालकांनाही हे कळायला हवं होतं. जी जाते ती पलीकडच्या गेटमध्ये सापडत नाही, तिच्या जागी नवी शिकवावी लागते. पण तो त्यांचा हिशेब, आपण आपला बघू.

राहणं म्हणजे तसंच राहणं नव्हे. आहे त्या कंपनीतही जागा बदलता येते. पीसवर, म्हणजे नगामागे पैसे घेऊन काम मागणं ही एक. एकच शर्ट महिनाभर चालणार असेल तर पीसवाली पगारवालीच्या पुढे जाते. पण आपल्याकडे ऑर्डरी छोट्या: या आठवड्यात हॉटेलचे युनिफॉर्म, पुढच्या आठवड्यात शाळेचे, मग कुठल्या तरी कंपनीचे टी-शर्ट. नमुना बदलला की पहिले दोन-तीन दिवस हात बसत नाही, आणि ते दिवस पीसवालीच्या खिशातून जातात. मोठी ऑर्डर नसेल तर पगारावरच राहा.

चेकिंग, फिनिशिंगला जाणं म्हणजे कंबर सुटते आणि पाय धरतात. डोळे गेलेल्यांनी तिथे जाऊ नये.

मला स्वतःला विचाराल तर शिलाईच्या कंपनीतली सगळ्यात चांगली खुर्ची सॅम्पलिंगची. ऑर्डर यायच्या आधी नमुन्याचा कपडा शिवतात ती. तासाचं टार्गेट नाही, पहिल्या टाक्यापासून शेवटच्या बटणापर्यंत अख्खा कपडा एकाच हातात, कटिंग मास्तर शेजारी. दोन वर्षं तिथे काढली की कंपनीत राहा, नाहीतर घरी मशीन घाला. हात पूर्ण तयार झालेला असतो. मी ती कधी मागितली नाही. मागायची असते हेच मला ठाऊक नव्हतं.

भाचीच्या बाबतीत आम्ही असं ठरवलं. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरेपर्यंत थांबायचं. तोवर स्लिपवरचं "हेल्पर" बदलून मागायचं, लेखी, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची. सॅम्पलिंगची जागा मागायची. ओव्हरटाइमला आठवड्यातून ठरलेले दोनच दिवस थांबेन, आदल्या दिवशी सांगा, एवढं सुपरवायझरकडे बोलायचं. रविवारी साखळीच्या बाजारातल्या एका टेलरकडे कटिंगला जायचं. पाच महिन्यांनी वही पुन्हा उघडायची.

सोडायचं झालंच तर पीएफ काढून टाकू नका. पीएफचा यूएएन नंबर कंपनी बदलली तरी तोच राहतो, नव्या ठिकाणी खातं जोडून घ्या. सगळी मिळून दहा वर्षं भरली तर पेन्शनचा हक्क येतो. पेन्शनच्या खात्यातले पैसेही काढले की ही मोजणी पुन्हा एकपासून. ईएसआयचा विमा क्रमांकही जुनाच सांगा. राजीनाम्याची पोच घेतलेली प्रत घरी ठेवा. नव्या संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत राहिलेलं वेतन द्यायचं आहे. "पुढच्या महिन्याच्या सात तारखेला या" म्हणाले तर हे नम्रपणे ऐकवा.

परवा तिचा फोन आला. सॅम्पलिंगचं विचारलं म्हणे. सुपरवायझर म्हणाला, "तू तिकडे गेलीस तर कॉलरला कोण बसणार?" तिने म्हटलं, मी जानेवारीत सोडून गेले तर कोण बसणार होतं? तो काही न बोलता मास्तरांच्या टेबलाकडे गेला. स्लिपवर अजून हेल्परच आहे. कटिंगचे दोन रविवार झाले, पहिला ब्लाऊज तिने स्वतःसाठी कापला आणि खांद्यात अर्धा इंच चुकली.